सेवेच्या नावाने वेठ

गावची आशाताई म्हणजे आपल्याच घरातील सून किंवा लेक. साधारण हजार वस्तीमागे एक आशा, ही योजना २००५ साली निघाली. अडलेल्या बाईस रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचवावी, घरोघर फिरून आजाऱ्यांची नोंद करावी, लसीस मुले गोळा करावी, हे सारे तिने करावे. पण सरकारदरबारी ती कामगार नव्हे, ‘स्वयंसेविका’! म्हणून तिला पगार नाही, मानधन. आणि कामाला घड्याळ नाही.

२०१३ साली भारतीय श्रम परिषदेने योजनांतील अशा बायांस कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटते काय?

कोणी म्हणतील, रोग्याची सेवा हे पुण्य, तेथे तास कसले मोजता? मग हे पुण्य वरचे साहेब बिनपगारी का जोडीत नाहीत? शिकाऊ डॉक्टरांस साधारणपणे आठवड्यास ४८ तासांहून अधिक राबवू नये, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहिले. तरी सलग छत्तीस तासांच्या पाळ्या चालतातच. थकल्या हातची सुई अखेर आपल्याच दंडात शिरते.

पोळ्याला आपण बैलाच्याही मानेवर जू ठेवीत नाही. लोखंड्यांच्या पुढारीपणाखाली गिरणी कामगारांनी १८९० साली रविवारची सुटी मिळविली. ती भीक नव्हती. बांधवहो, येत्या ग्रामसभेत ठराव करा: आशा ही कामगार आहे, तिला वेतन द्या!