तंदुरुस्तीची अट, जागेची सबब

डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय नौदलाने जाहीर केले की, एका युद्धनौकेची सूत्रे प्रथमच एका स्त्री-अधिकाऱ्याकडे दिली जात आहेत. लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकतवर नेमणूक झाली. वर्तमानपत्रांनी बातमी ठळक छापली, फोटो आले, अभिनंदनाचे ठराव झाले. आपल्यालाही आनंद झाला. पण ‘पहिली बाई’ हा मथळा छापून झाला की वर्तमानपत्रांचे काम संपते. आपले काम तिथून सुरू होते. ती बाई त्या बोटीवर रोज कशी जगते? झोपते कुठे, आंघोळ कुठे करते, हे प्रश्न निदान विचारले तरी जातात. व्यायाम कुठे आणि केव्हा करते, हे मात्र कोणी विचारत नाही.

‘हा काय प्रश्न झाला?’ असे काही मैत्रिणींना वाटेल. वस्तीत संडास नाहीत आणि आपण अधिकारी बायकांच्या जिमची चर्चा करायची? पण नौदलात व्यायाम म्हणजे हौस नव्हे. शरीराची वैद्यकीय श्रेणी घसरली की समुद्रावरची नेमणूक अडते आणि समुद्रावरची नोकरी कमी पडली की बढती अडते. म्हणजे जिथे तंदुरुस्ती ही नोकरीची अट आहे, तिथे व्यायामाची जागा आणि वेळ हा नोकरीतला हक्क होतो. अट घालायची आणि साधन द्यायचे नाही, हा खेळ बायकांच्या चांगला ओळखीचा आहे.

आधी थोडा इतिहास. १९५७ च्या नौदल कायद्यातल्या कलम ९(२) प्रमाणे, सरकार ठरवील तेवढ्या जागा सोडल्या तर स्त्रियांना नौदलात प्रवेश नव्हता. ऑक्टोबर १९९१ च्या अधिसूचनेने काही शाखा उघडल्या आणि १९९२ पासून शिक्षण, कायदा, पुरवठा या शाखांत स्त्री-अधिकारी येऊ लागल्या. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस काहीजणींना आयएनएस ज्योती या तेलवाहू जहाजावर पाठवून पाहिले, पुढे तो प्रयोग गुंडाळला गेला. नंतरची सुमारे दोन दशके उत्तर एकच होते: बोटीवर बायकांसाठी सोय नाही. अगदी सर्वोच्च न्यायालयातसुद्धा सरकारने सांगितले की, रशियन बनावटीच्या जहाजांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे नाहीत. १७ मार्च २०२० रोजी ॲनी नागराजा खटल्याच्या निकालात न्यायालयाने ही सबब फेटाळली आणि समुद्रावरची कामे बायकांना झेपत नाहीत हा समज साचेबंद पूर्वग्रह आहे असे स्पष्ट केले. २०२१ मध्ये स्त्री-अधिकारी पुन्हा युद्धनौकांवर चढल्या. २०२२ मध्ये अग्निवीर योजनेतून खलाशी म्हणून मुलींची भरती सुरू झाली आणि मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का येथून पहिली तुकडी बाहेर पडली.

थोडक्यात, ‘सोय नाही म्हणून बाई नाही’ हा युक्तिवाद कोर्टात हरला. पण जहाजाच्या लोखंडी भिंतींना कोर्टाचा निकाल आपोआप कळत नाही. जहाजे पुरुषांची शरीरे आणि पुरुषांच्या सवयी गृहीत धरून बांधली गेली आहेत.

बोटीवर व्यायाम करायचा म्हणजे काय, ते पाहू. आयएनएस विक्रांतसारखी विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आहे. विमाने उडत नसतील तेव्हा तिच्या डेकवर धावता येते आणि टोकापासून टोकापर्यंत सहा वेळा गेले की सुमारे मैलभर होतो. पण त्याच बोटीवर सोळाशेच्या आसपास माणसे राहतात. डेक ओला असतो, ऊन असते, वारा असतो आणि उड्डाणे सुरू झाली की डेक बंद. गस्तीची लहान नौका पन्नास मीटरचीही नसते. तिच्यावर दोर, तोफा आणि यंत्रे यांतून वाट काढत चालणे हाच व्यायाम. मोठ्या जहाजांवर जिम असते, पण ती एखाद्या कोंदट खोलीत, इतर सामानाच्या शेजारी. यंत्रे बोल्टने पक्की केलेली, वजने पट्ट्यांनी बांधलेली. समुद्र खवळला की वजने उचलणे धोक्याचे, कारण बोट कलली तर पन्नास किलोचा दांडा कोणाच्या छातीवर पडेल सांगता येत नाही. वजने आपटली की खालच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेला माणूस उठतो. पोलादी डेकवर रोज धावले की नडग्या दुखू लागतात.

हे हाल स्त्री-पुरुष दोघांचेही. मग बायकांचा वेगळा प्रश्न कोणता?

पहिला, वेळेचा. बोटीवर चोवीस तास पाळ्या चालतात. चार तास पहारा, मग इतर काम, मग थोडी झोप, पुन्हा पहारा. जिम रिकामी असते तेव्हा आपली पाळी असते आणि आपली पाळी संपते तेव्हा जिम भरलेली असते. शंभर पुरुषांत चार बायका असल्या की त्या भरलेल्या खोलीत शिरणे हेच एक काम होऊन बसते. मराठीत पाळी या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि बोटीवरच्या बाईला दोन्ही सांभाळाव्या लागतात. पोटात दुखत असताना रांगेत उभे राहून घामाचे कपडे बदलायला जागा शोधायची, पाणी मोजून वापरायचे आणि वर ‘बायका व्यायाम टाळतात’ हे ऐकायचे.

दुसरा, नजरेचा. व्यायाम करताना शरीर हलते, कपडे घामाने चिकटतात. अरुंद खोलीत आरशासमोर दहा पुरुष आणि एक बाई. कोणी काही बोलले नाही तरी ती लवकर निघते किंवा येतच नाही. आणि बोलले तर? समुद्रात महिनाभर त्याच माणसासोबत राहायचे आहे, त्याच्याच हाताखाली काम करायचे आहे. किनाऱ्यावरच्या बाईला निदान संध्याकाळी घरी जाता येते. म्हणून जिम ही खासगी करमणुकीची जागा नाही, कामाचीच जागा आहे, असे मानून तिथल्या वागण्याचे नियम आणि तक्रारीची वाट बोट बंदर सोडण्याआधीच ठरली पाहिजे.

तिसरा, सर्वांत चिवट प्रश्न म्हणजे बाईने कोणता व्यायाम करावा याच्या कल्पनांचा. २१ जून २०२३ रोजी योगदिनानिमित्त नौदलाच्या जहाजांनी ठिकठिकाणच्या बंदरांत योगासने केली. योगाला आमचा विरोध नाही. पण बायकांनी आसने करावीत आणि पुरुषांनी वजने उचलावीत ही वाटणी मुकाट्याने होत असेल, तर ती बायकांच्या मुळावर येणारी आहे. बोटीवर आग लागली तर पाण्याने भरलेला जड नळ ओढावा लागतो. जखमी माणसाला जवळजवळ उभ्या शिडीवरून, अरुंद झाकणातून वर न्यावे लागते. त्याला हात, खांदे, पाठ यांत ताकद लागते आणि ती वजने उचलूनच येते. शिवाय वजनाच्या व्यायामाने हाडे बळकट होतात, हे तर चाळिशीनंतर प्रत्येक बाईला कामाचे. ज्या व्यायामाची बाईला सर्वांत जास्त गरज, त्याच व्यायामाच्या खोलीत तिला सर्वांत जास्त परके वाटते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: ‘समानता हवी तर परीक्षाही समान द्या.’ याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण चळवळीतही यावर गोंधळ आहे. परीक्षा दोन प्रकारच्या असतात. एक सर्वसाधारण तब्येतीची. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावायला मुलांना साडेसहा मिनिटे आणि मुलींना आठ मिनिटे असतात. फुप्फुसे, हृदय, रक्तातले हिमोग्लोबिन यांची घडण वेगळी म्हणून माप वेगळे. यात सवलत कसली? दुसरी परीक्षा प्रत्यक्ष कामाची. आगीचा नळ ओढता येतो की नाही, जखमी माणूस वर नेता येतो की नाही. ही परीक्षा सर्वांना एकच हवी, कारण आग बाई-पुरुष पाहत नाही. मात्र ती परीक्षा खऱ्या कामावर बेतलेली असावी, ‘मर्दानगी’वर नव्हे. आणि तिची तयारी करायला प्रत्येकाला सारखी संधी हवी. तयारीची खोली एकाला उघडी आणि दुसरीला बंद असेल, तर एकच परीक्षा घेणे हाही अन्यायच.

हा अन्याय प्रत्यक्षात कसा घडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ च्या नितिशा खटल्यात दाखवून दिले. खटला भूदलातल्या स्त्री-अधिकाऱ्यांचा होता. कायम नेमणुकीसाठी पुरुषांची वैद्यकीय तपासणी नोकरीच्या पाचव्या ते दहाव्या वर्षी, ऐन उमेदीत झाली होती. बायकांना मात्र वर्षानुवर्षे हक्क नाकारून, मग चाळिशी-पन्नाशीत तीच कसोटी लावली गेली. नियम कागदावर सर्वांना सारखा, परिणाम मात्र फक्त बायकांवर. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. ‘नियम सर्वांना सारखा आहे’ हे वाक्य ऐकले की प्रत्येक कार्यकर्तीने हा निकाल आठवावा. बाळंतपणानंतर पोटाचे आणि ओटीपोटाचे स्नायू सैल पडलेले असताना, स्तनपान चालू असताना, पुन्हा तंदुरुस्तीच्या मापात बसायला बाईला वेळ आणि जाणकार मार्गदर्शन लागते. ते न देता श्रेणी घसरली म्हणून बाजूला काढणे म्हणजे आई झाल्याची शिक्षा.

अमेरिकेचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. तिथे १९४८ च्या कायद्याने इस्पितळ-जहाजे आणि वाहतुकीची जहाजे सोडून स्त्रियांना बोटींवर बंदी होती. योना ओवेन्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली आणि १९७८ मध्ये ही सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. लढाऊ जहाजांचे दार १९९३ च्या कायद्याने उघडले आणि १९९४ मध्ये आयझेनहॉवर या विमानवाहू नौकेवर स्त्रिया नेमल्या गेल्या. आज तिथल्या विमानवाहू नौकांवर व्यायाम शिकवायला नागरी तज्ज्ञ असतो. ‘फिट बॉस’ म्हणतात त्याला. पण नुसत्या यंत्रांनी भागत नाही, हेही तिथेच दिसले. २०१७ मध्ये फिट्झजेराल्ड आणि जॉन मॅकेन या दोन युद्धनौका दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांवर आदळल्या आणि एकूण सतरा खलाशी मेले. चौकशीत पुढे आलेल्या कारणांत माणसांचा थकवा हेही एक होते. त्यानंतर पहाऱ्याच्या पाळ्या शरीराच्या झोपेच्या लयीप्रमाणे बसवण्याचे आदेश निघाले. झोप मोडून केलेला व्यायाम तंदुरुस्ती देत नाही. म्हणून जागेइतकाच वेळेचा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो सोडवला तर पुरुषांचेही भलेच होते.

काही गटांनी बायकांसाठी जिममध्ये राखीव तास मागावा असे सुचवले जाते. मला ही मागणी धोक्याची वाटते. एक तास बायकांचा ठरला की उरलेले तेवीस तास आपोआप पुरुषांचे होतात. ज्या बाईचा पहारा त्याच तासात येतो, तिचे काय? त्याऐवजी प्रत्येक पाळीच्या माणसाला, बाई असो वा पुरुष, व्यायामाचा वेळ कामाच्या वेळापत्रकातच लिहून मिळावा. लहान नौकांवर जिमला जागा नसेल तर रबरी पट्टे, दोरी, गुंडाळता येणारी चटई एवढे तरी प्रत्येकाला मिळावे. व्यायामाचे बूट आणि आधार देणारे अंतर्वस्त्र बाईच्या मापाचे असावे. पीटी शिकवणाऱ्यांमध्ये स्त्रिया असाव्यात. बाळंतपणानंतरच्या तपासणीला पुरेशी मुदत असावी. आणि नव्या जहाजाचा आराखडा कागदावर असतानाच बोटीवर राहिलेल्या बायकांना विचारले जावे.

युद्धाला आणि शस्त्रांच्या राजकारणाला आपल्या चळवळीचा विरोध आहे आणि तो राहील. पण ज्या मुली कोकणातल्या, मराठवाड्यातल्या घरांतून पोटासाठी आणि स्वाभिमानासाठी या नोकरीत जातात, त्यांना संस्थेच्या दारात एकटे सोडणे हा युद्धविरोध नव्हे. शिवाय हा प्रश्न बोटीवरच थांबत नाही. महाराष्ट्रात पोलीस भरतीत मुली ८०० मीटर धावून येतात, आणि नोकरी लागली की बारा-बारा तासांच्या बंदोबस्तात ना संडास, ना व्यायामाला वेळ. काही वर्षांनी त्यांचीच वाढलेली वजने चेष्टेचा विषय होतात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये सर्वांसमोर आला, तेव्हाही मूळ तेच होते: काम बाईच्या शरीराला जुळवून घेत नाही, बाईने शरीर कापून कामाला जुळवायचे.

सबब म्हणून सांगितलेली ‘गैरसोय’ ही कोणीतरी केलेली निवड असते, आणि निवड बदलता येते. म्हणून आपापल्या भागातल्या गटांनी एक साधी गोष्ट करावी. जिथे बाईकडून तंदुरुस्तीची अट घातली जाते, पोलीस ठाणे असो, वनखाते असो की एसटीचा डेपो, तिथे लेखी विचारावे: अट तुमची आहे, तर साधन कुठे आहे?