झाडू मारून दारू सुटते का?

दारू पिऊन गाडी चालवणारा पहिल्यांदा दोषी ठरला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. याच्या जोडीला आता ‘सुधारणा’ आली आहे. हैदराबादेत वाहतूक पोलीस पकडलेल्या चालकांचं कुटुंबीयांसमोर समुपदेशन करतात. विशाखापट्टणमच्या न्यायालयाने अशा चालकांना समुद्रकिनारा साफ करायला लावला. पण माणूस खरंच सुधारला का, हे कसं ठरवायचं?

किती जण आले, कितींनी सत्रं पूर्ण केली, ही झाली हजेरी. ते मूल्यमापन नव्हे. पूर्ण करणारे पुन्हा कमी पकडले गेले, एवढ्यानेही काही सिद्ध होत नाही. पगारी रजा असलेला माणूस सगळी सत्रं करतो. टेम्पोचालकाचा एक दिवस बुडाला तर घरची चूल विझते, म्हणून तो मध्येच सोडतो. मग आपण मोजलं काय, समुपदेशन की नोकरी? सोडून गेलेल्यांनाही हिशेबात धरा. तशाच परिस्थितीतल्या, पण कार्यक्रमाला न पाठवलेल्या दोषींशी काही वर्षं तुलना करा. तेव्हा उत्तर मिळेल.

ज्याला दारूचं व्यसन जडलंय त्याला उपचार लागतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार अशा ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांना भाषण ऐकवून काय होणार?

आणि झाडूचं काय? या देशात सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलं गेलं. तेच काम गुन्हेगाराला लाज वाटावी म्हणून दिलं जातं, तेव्हा रोज पहाटे ते करणाऱ्या आपल्या माणसांना व्यवस्था काय सांगते? तुमची रोजीरोटी ही आमच्याकडे शिक्षा आहे! ज्या कार्यक्रमाची ताकद अशा लाजेवर उभी आहे, तो माणूस सुधारत नाही, जात मात्र पक्की करतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा म्हणून कायद्यात आणली आहे. म्हणून हा प्रश्न आताच विचारायला हवा. कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र शिकलेल्या मित्रमैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: कोणाला कोणतं काम दिलं, उपचार कितींना मिळाले, पुन्हा कितीजण पकडले गेले? पदवी घरात पहिल्यांदा आली आहे. तिचा असाही उपयोग होऊ द्या.