परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण हिशोब पूर्ण केला का?

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला : "सर, हैदराबादला दोन वर्षं जुनी गाडी 70-80 हजारांनी स्वस्त मिळते, घेऊ का?"

आपलं समुद्रपूर जामच्या चौकाजवळ. तोच हायवे खाली तेलंगणात जातो, म्हणून हा मोह आपल्याला जरा जास्तच. मलाही झाला होता. 70 हजार वाचले म्हणून मी खूश. घरी आल्यावर कळलं, आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच आहे. बँकेचं पत्र नाही म्हणून एनओसी नाही. चार महिने गाडी दुकानासमोर उभी, हप्ता चालू, आणि मी गिरडच्या गिऱ्हाइकाकडे एसटीनं!

माझं स्पष्ट मत : परराज्यातली गाडी वाईट नाही, अर्धा हिशोब वाईट आहे.

पहिला खर्च रोड टॅक्सचा. तिथे भरलेला टॅक्स इथे चालत नाही. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर 11 टक्के, डिझेलला 13. म्हणजे 8 लाखांची पेट्रोल गाडी नवीन असती तर 88,000 रुपये. जुनी असल्यानं वयाप्रमाणे कमी होतो, पण धरला जातो मूळ किमतीवर, तुमच्या सौद्यावर नाही. तिकडच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो कोण मागणार आणि पैसे कोणाला, हे सौद्यातच लिहून घ्या.

दुसरं, कागद. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28. मालकी बदलाला 29 आणि 30. कर्ज फिटलं असेल तर 35. एमएच-32 नंबरसाठी 27. लोक म्हणतात, "बारा महिने चालते नं भाऊ!" कलम 47 मधले बारा महिने नवीन नंबरासाठी आहेत. मालकी बदल 30 दिवसांत कळवायचा असतो, आणि विमा आपल्या नावावर करायला 14 दिवसांत अर्ज. त्यात अपघात झाला तर? वाचलेले 70 हजार कुठे जातील, सांगा.

तिसरं, जीएसटी नंबरवाल्यांसाठी. दुकानाच्या नावावर साधी कार घेतली तरी त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. "जीएसटी परत मिळेल" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

काही जण म्हणतील, एजंट सगळं करतो. करतो, पण दंड आणि खोळंबा तुमच्याच नावावर.

म्हणून माझा नियम : आधी एनओसी हातात, मग पूर्ण पैसे. किंमत, टॅक्स, फी, विमा, जाण्या-येण्याचा खर्च आणि गाडी उभी राहील त्या दिवसांचं नुकसान, सगळं एका कागदावर मांडा. तरीही 25-30 हजार वाचत असतील तर बिनधास्त घ्या. नसतील तर वर्धा-नागपुरातलीच बघा.

धंद्यात स्वस्त वस्तू ती, जी दुसऱ्या दिवशी कामाला लागते.