वॉर्डात उभे राहून धोके तपासा : सातारा-सांगलीच्या रुग्णालयांसाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सातारा / सांगली

विषय : सरकारी व खासगी रुग्णालयांची प्राथमिक धोका-तपासणी पावसाळ्यापूर्वी करण्याबाबत

महोदय,

भंडारा जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांचा कक्ष पेटला आणि 10 बाळे दगावली. एप्रिलमध्ये नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा कोलमडून 22 रुग्ण गेले. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली, ती अतिदक्षता विभागातच. तिथे 11 जणांचा जीव गेला. हे सारे एकाच वर्षात घडले. सातारा-सांगलीतील रुग्णांचे नातेवाईक या घटना विसरलेले नाहीत.

राज्याच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तो हवाच. पण अतिदक्षता विभागात एकाच एक्स्टेंशन बोर्डावर किती यंत्रे लटकली आहेत, मागच्या दाराला रात्री कुलूप असते का, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठून बंद करायचा हे रात्रपाळीच्या सिस्टरना दाखवले आहे का, अंथरुणावरच्या रुग्णाला जिन्यावरून कोण उतरवणार, हे वॉर्डात उभे राहून विचारावे लागते. त्याला मोठा निधी लागत नाही.

शिवाय इथले धोके इथलेच आहेत. ऑगस्ट 2019मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. जनरेटर, मीटर आणि औषधसाठा तळमजल्यावर असेल, तर वरच्या मजल्यावरचा रुग्णही सुरक्षित नाही. पाटण तालुक्याने 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप सोसला आणि जुलै 2021मध्ये आंबेघरची दरडही पाहिली. रस्ता तुटल्यावर आरोग्य केंद्रातल्या अडलेल्या बाळंतिणीला कराडला कसे न्यायचे, हे आधीच ठरलेले हवे.

म्हणून नागरिकांची मागणी अशी, की प्रत्येक रुग्णालयाने कक्षनिहाय फिरून धोका काय, कोणाला, आज उपाय कोणता आणि उरलेले काम कोण कधी करणार, याची मराठीत नोंद करावी. पाहणीत सिस्टर, कक्षसेवक आणि सफाई कामगारांना सामील करावे. कुठली वायर तापते हे त्यांनाच आधी कळते. ही नोंद दर्शनी भागात लावावी, दर सहा महिन्यांनी तपासावी आणि रात्रपाळीतही रंगीत तालीम घ्यावी. काम न करणाऱ्यांवर 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील अधिकार वापरावेत.

तपासणीचे वेळापत्रक 15 दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील नागरिक