पाणी गाळतो, मग डोस अंदाजाने का?



मागच्या महिन्यात एका घरी पाठाला गेले होते. पावणेसहा वाजता मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "निघते, बंडूला इंजेक्शन द्यायचंय." बंडू म्हणजे आमचा बोका. त्याला मधुमेह आहे. तिथल्या एका काकू म्हणाल्या, "अगं, मुक्या जिवाला रोज दोन सुया, वर कान टोचून रक्त काढायचं. ही कसली जीवदया? त्याचं कर्म त्याला भोगू दे की."

तिथे मी काही बोलले नाही. पण मला जे वाटतं ते आज इथे लिहिते.

दोन वर्षांपूर्वी बंडू सारखा पाणी पिऊ लागला. खायचा भरपूर, तरी सहा किलोचा बोका साडेचारवर आला. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी बारा-बारा तासांनी इन्सुलिन सांगितलं. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. आपलं जेवण सूर्यास्ताआधी, त्याचंही त्याच वेळेला. म्हटलं, जमेल.

आधी कर्माचं बोलूया. आजार असातावेदनीयाच्या उदयाने येतो, हे मला मान्य आहे. पण आमच्या सासूबाईंनाही मधुमेह आहे, त्यांना कोणी म्हणत नाही की भोगा. चार दानांत औषधदान आहे. ते फक्त माणसालाच द्यावं, असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

दुसरा प्रश्न नेहमी येतो, इन्सुलिन कशापासून बनतं? पूर्वी ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत. 1921 साली टोरांटोत त्याचा शोध लागला, तो कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. हा इतिहास निर्दोष नाही, आणि तो लपवूनही उपयोग नाही. पण 1982 पासून माणसाचं इन्सुलिन प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करून घेतलं जाऊ लागलं. बंडूला मिळतं ते ग्लार्जिनही त्याच पद्धतीचं.

आता सुईचं. इन्सुलिनची सुई इतकी बारीक असते की बंडू खाताना मान वर करत नाही. कानाच्या कडेला टोचलेलं त्याला थोडं कळतं. आधी कोमट रुमालाने कान शेकला की एका टोचण्यात थेंब येतो. मग घरीच कशाला, दवाखान्यात का नाही? कारण घाबरलं की मांजराची साखर एकदम वर जाते. पिंजरा, रिक्षा, भुंकणारी कुत्री, आणि मग घेतलेला आकडा! त्यावर डोस ठरवला तर तो चुकू शकतो.

माझी चूक सांगते, म्हणजे मी एवढं का लिहिते आहे ते कळेल.

गेल्या वर्षी दशलक्षणात माझं एकाशन होतं. संध्याकाळी मंदिरात जायची घाई. बंडूची वाटी रिकामी दिसली, म्हटलं खाल्लंय. न तपासता दोन युनिट दिले आणि निघाले. वाटी गल्लीतल्या दुसऱ्या मांजरीने साफ केली होती. रात्री नऊला आले तर बंडू झोकांड्या खात भिंतीला धडकत होता. मीटरवर आकडा 41. डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, "हिरड्यांना मध चोळा." आपल्या घरात मध कुठला! साखरेचा घट्ट पाक केला आणि बोटाने हिरड्यांना चोळला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा पाक, पुन्हा तपासणी. अर्ध्या तासाने तो उठून बसला आणि खाऊ लागला. रात्रीभोजनाचा त्याग माझा आहे, त्याचा नाही. पहाटेपर्यंत मी त्याच्याजवळ बसून होते.

मंदिरात त्या संध्याकाळी मी अहिंसेवरचं प्रवचन ऐकत होते आणि घरी माझ्याच हातून एक जीव जात होता. मनात द्वेष नव्हता, पण प्रमाद होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादच कारण धरला आहे. हे लहानपणी पाठशाळेत पाठ केलं होतं, कळलं त्या रात्री.

म्हणून माझं म्हणणं असं. सुई टोचणं ही हिंसा नाही. अंदाजाने डोस देणं ही हिंसा आहे. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून आपण गाळायचं सोडतो का? दिसत नसलं तरी त्यात जीव आहेत असं धरून चालतो. मग मांजर बरं दिसतंय म्हणून साखर न मोजता इन्सुलिन कसं द्यायचं? यत्नाचार फक्त स्वयंपाकघरापुरता नसतो.

ज्यांच्या घरी असा जीव आहे त्यांच्यासाठी आमच्या घरचे नियम सांगते. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आधी तपासणी, मग खाणं, मग इंजेक्शन. आकडा कमी असेल किंवा त्याने खाल्लं नसेल तर सुई नाही, डॉक्टरांना फोन. मीटर नेहमी एकच, कारण माणसांचं मीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं. सुई केसांतच गेली अशी शंका आली तरी दुसरी देत नाही. एखादा डोस हुकणं परवडतं, दुप्पट जाणं नाही. सासूबाईंची कुपी 40 युनिटची, सुई लाल टोपणाची. बंडूची कुपी 100 युनिटची, सुई नारिंगी टोपणाची. त्याचं औषध लाल सुईत त्याच आकड्यापर्यंत भरलं तर अडीचपट जाईल, म्हणून फ्रीजमध्ये दोन वेगळे डबे. झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही ओतायचं नाही, फक्त हिरड्यांना पाक चोळायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत भरून दवाखान्यात देते. कचरा उचलणाऱ्या ताईंचा हातही जीवच आहे.

राहिलं खाणं. पूर्वी आम्ही त्याला दूध-भात घालायचो आणि त्यालाच जीवदया म्हणायचो. मांजर दूध-भातावर नीट जगत नाही, आणि मधुमेहात भात तर नकोच. त्याचं डबाबंद खाणं मागच्या पडवीत असतं, भांडी वेगळी. यात दोष नाही असं मी म्हणणार नाही. पण घरात घेतलेल्या जिवाला त्याचं अन्न न देणं, अन्नपाननिरोध, हाही अहिंसाणुव्रताचा अतिचारच आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मांजर घरात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलं, तर अर्धवट सांभाळू नये.

त्या काकूंना मी परवा घरी बोलावलं. बंडू वाटीत तोंड घालून खात होता, मी सुई दिली. काकू म्हणाल्या, "दे की आता." मी म्हटलं, "दिली."