मुलांच्या रक्षणाचे नियम कोणीं करावे ?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. सातवीच्या वर्गांतील एक हुशार मुलगा आठ-दहा दिवस पाठीमागच्या बांकावर जाऊन बसूं लागला. प्रश्न विचारला तर खालीं पाहूं लागला. मधल्या सुटींत त्यास जवळ बसवून विचारलें, तेव्हां कळलें कीं, वडिलांच्या मोबाइलवर क्रिकेटचे व्हिडिओ पाहतां पाहतां त्याच्यापुढें एक अत्यंत क्रूर दृश्य आपोआप आलें होतें. त्यानें तें मागितलें नव्हतें. "घरीं कां नाहीं सांगितलंस ?" असें मीं विचारतांच तो म्हणाला, "सर, सांगितलं तर मोबाइलच बंद होईल." ह्या उत्तरानें माझ्या डोळ्यांत अंजन पडलें. दाखविणारा सुटला, आणि शिक्षेचें भय मात्र पाहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलास !

अशा प्रसंगीं आपण शिक्षक व पालक उपदेश करतों. मींही पुष्कळ केला आहे. परंतु ज्या यंत्रानें तें दृश्य त्या मुलापुढें ढकललें, तें चालविणाऱ्या कंपन्यांवर कांहीं बंधन असावें कीं नाहीं, हा प्रश्न उपदेशानें सुटत नाहीं. सिनेमाच्या बाबतींत तो आपण केव्हांच हातीं घेतला. १९५२ च्या कायद्याप्रमाणें चित्रपटांस प्रमाणपत्र लागतें; २०२४ च्या नियमांनीं त्यांत सात, तेरा व सोळा वर्षांच्या पायऱ्या घातल्या; आणि थिएटरच्या दारावर तिकिटें फाडणारा मनुष्य मुलाची उंची पाहून "बाळ, घरीं जा" असें म्हणूं शकतो. (नेहमींच म्हणतो असें नाहीं, लहानपणीं मीं स्वतः एकदां त्याची नजर चुकवून आंत शिरलों होतों.) मोबाइलला असा दारावरचा मनुष्यच नाहीं.

तो ठेवण्याचा एक प्रयत्न ऑस्ट्रेलियांत चालू आहे, व तो आपण समजून घेण्यासारखा आहे. तेथील २०२१ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यानें ह्या धंद्यांतील संघांनाच सांगितलें कीं, तुमचे नियम तुम्हींच लिहून आणा. हें ऐकून आमचे विद्यार्थी हंसतील. परीक्षा देणारानेंच प्रश्नपत्रिका काढावी तसें हें झालें! परंतु पुढची अट महत्त्वाची आहे. लिहून आणलेले नियम ई-सेफ्टी कमिशनर ह्या अधिकाऱ्यानें तपासावयाचे, आणि ते अपुरे असल्यास परत करून स्वतः सक्तीचे दंडक करावयाचे. ही अट कागदावरच राहिली नाहीं. मुलांचा लैंगिक छळ, दहशतवाद इत्यादि अत्यंत घोर साहित्याविषयींचे आठ मसुदे २०२३ सालीं कमिशनर जूली इनमन ग्रँट ह्यांच्यापुढें आले. बाईंनीं पांच स्वीकारले, दोन अपुरे म्हणून नाकारले, आणि सर्च इंजिनांविषयींचा एक पुन्हां लिहावयास लावला. कारण मध्यंतरीं त्या यंत्रांत कृत्रिम बुद्धिमत्ता शिरून मसुदा मागें पडला होता. नाकारलेल्या दोहोंच्या जागीं त्यांनीं स्वतः केलेले दंडक डिसेंबर २०२४ पासून लागू झाले.

वयास न शोभणाऱ्या साहित्याविषयींचे नियम २०२५ सालीं मंजूर झाले. त्यांपैकीं कांहींच्या अंमलास २७ डिसेंबर २०२५ ही, तर उरलेल्यांच्या अंमलास ९ मार्च २०२६ ही तारीख ठरली. त्यांत माझ्या मनास पटलेली तरतूद ही कीं, सर्च इंजिनांत अश्लील व अतिहिंसक चित्रें मुळांतच अंधुक करून ठेवावयाचीं. शोधणारानें आपलें खातें उघडलेलें नसलें तरीही. स्वतःस इजा करण्याविषयीं कोणी शोध घेतला, तर त्यास मदतीचा मार्ग अगोदर दाखवावयाचा. नियम मोडणाऱ्या कंपनीस ४ कोटि ९५ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो.

धंदेवाल्यांनीं नियम लिहूंच नयेत असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या पक्षाचा नाहीं. यंत्राची कळ कोठें आहे हें तें बनविणारासच ठाऊक. बाहेरच्यानें केलेला नियम पुष्कळदां भलत्याच दारास कुलूप लावतो. पण तांबडी शाई घेऊन बसलेला परीक्षक नसेल, तर त्या वहीस अर्थ नाहीं, हेंही वीस वर्षें निबंध तपासून मीं शिकलों आहें.

आपल्या देशांतही नियम आहेत. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनीं इंटरनेटवरील चित्रपट व मालिका ह्यांस वयाच्या पायऱ्या लावल्या, आणि तेरा वर्षांवरील साहित्यास पालकांचें कुलूप ठेवण्यास सांगितलें. परंतु कोणा अनोळखी माणसानें टाकलेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओस ह्या पायऱ्या लागत नाहींत, आणि माझ्या विद्यार्थ्यास भेटला तो तसलाच व्हिडिओ होता. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकांची पडताळून पाहतां येईल अशी संमति आवश्यक केली. पण नोव्हेंबर २०२५ मध्यें निघालेल्या नियमांनीं कंपन्यांस मुख्य कर्तव्यांसाठीं अठरा महिन्यांची सवड दिली. मुलांचीं अठरा महिने थोडीं नव्हेत. तेवढ्यांत सातवीचा मुलगा नववीच्या उंबरठ्यावर येतो !

शिवाय आपल्या घरांची एक गोष्ट कोणत्याच नियमांत नीटशी बसत नाहीं. सकाळीं वडिलांच्या खिशांत असलेला मोबाइल संध्याकाळीं मुलाच्या हातांत, रात्रीं आजीच्या उशाशीं भजनासाठीं ! कंपनीच्या दप्तरीं मात्र तो चाळीस वर्षांच्या गृहस्थाचा. सोळा वर्षांखालील मुलांस सोशल मीडियावर खातें ठेवूं न देण्याचा कायदा ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून लागू केला. त्याची येथें वाखाणणी होते. पण माझ्या विद्यार्थ्याचें खातें नव्हतेंच, मग त्याचें रक्षण कसें झालें असतें? आणि वय पटविण्यासाठीं घरोघरचीं ओळखपत्रें कंपन्यांच्या हवालीं करणें, हाही मला धोक्याचा मार्ग वाटतो. म्हणून आपण मागणी करावयाची ती खात्याची नव्हे, तर साहित्याची : क्रूर व अश्लील दृश्य मुळांत झांकलेलें असावें, मोठ्या माणसानें मुद्दाम उघडल्याखेरीज उघडूं नये, आणि तक्रारीचें बटण मराठींत, बोटाला सहज सांपडेल असें असावें.

तो मुलगा आतां पुन्हां दुसऱ्या बांकावर बसतो. त्याच्या वडिलांशीं मीं बोललों; त्यांनीं मोबाइल बंद केला नाहीं, त्याच्याजवळ बसून सेटिंग मात्र बदललें. तें कसें करावयाचें हें त्या दोघांसही अगोदर ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मलाही नव्हतें. पुढील पालकसभेस येतांना पालकांनीं घरांतला मोबाइल बरोबर आणावा, व मुलांसही आणावें. आपण सर्वजण एकत्र बसून तें करूं.