तपासणी कोणी करावयाची?

२०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी जालना एक होता. ज्याला नळाचे पाणी मिळत नाही, तो बाटलीबंद पाणी विकत घेतो. टपरीपुढे भर उन्हात रचलेल्या त्या बाटलीत जंतू नाहीत ना, एवढीच त्याची चिंता असते. बाटलीतून पाण्यात काय उतरते, हे विचारण्याची सोय त्याच्यापाशी नाही.

पीव्हीसी हे प्लॅस्टिक मूळचे कडक. त्याला लवचिक करण्यासाठी डीईएचपीसारखी थॅलेट रसायने मिसळतात. ती प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्याने पाझरतात. उष्णता, साठवणीचा काळ आणि स्निग्ध पदार्थ यांनी पाझर वाढतो. प्राण्यांवरील प्रयोगांत नराच्या प्रजननसंस्थेवर त्यांचे दुष्परिणाम दिसले आहेत. रक्ताच्या पिशव्या आणि सलाईनच्या नळ्या याच प्लॅस्टिकच्या असतात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांची अर्भके आणि वारंवार रक्त वा डायलिसिस घेणारे रुग्ण यांना धोका अधिक.

२०१६ साली कोलकात्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या तपासणीत पेट बाटल्यांतील ५ शीतपेयांत जड धातूंबरोबर डीईएचपीही आढळले. पेटला मऊकारक लागतच नाही, असा उद्योगाचा युक्तिवाद आहे. तो खरा मानला तरी रसायन आले कोठून, हे शोधणे अधिकच अगत्याचे ठरते.

हा शोध अशक्य नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या साह्याने अब्ज भागांतील काही भागही मोजता येतात. मात्र प्रयोगशाळेतील प्लॅस्टिकच नमुना दूषित करू शकते. म्हणून काचेची भांडी आणि प्रशिक्षित माणसे हवीत. अशा तपासणीचा खर्च ग्राहकाने सोसावा म्हणणे म्हणजे नफा खासगी ठेवून हानी समाजाच्या माथी मारणे होय.

जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल आहे. २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या दोहोंवर शासनाने जबाबदारी टाकावी: उन्हाळ्यात बाजारातील बाटल्यांचे व रुग्णालयांतील नळ्या-पिशव्यांचे नमुने तपासावेत आणि निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून डीईएचपीयुक्त सलाईन पिशव्यांवर २०३० पासून बंदी ठरविली. आपल्या सरकारी रुग्णालयांनी निदान नवजात कक्षासाठी तरी पर्यायी साहित्य खरेदी करावे. रक्तपिशवीत हेच रसायन तांबड्या पेशी टिकविण्यास साह्य करते, म्हणून तेथे बदल सावधपणे व्हावा. पण तेवढ्यासाठी सारेच लांबणीवर टाकणे योग्य नव्हे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न ग्रामसभांत आणि रुग्ण कल्याण समित्यांत मांडावा. शुद्ध पाणी नळाने मिळावे ही मूळ मागणी कायमच आहे. ती पुरी होईपर्यंत, विकतच्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क तरी जनतेला मिळालाच पाहिजे.